धुवायची राहिलेली दंडपट्टी

विषय : खांद्यावर घेणारा आणि घेतलेला नेमके कोणत्या बाजूचे, याबाबत.
संदर्भ : मी.

मी दंडावर बांधायची कापडी पट्टी. जन्म चित्रपटाच्या कपडेपटात, तिथे कपडे शिवणाऱ्या ताईंच्या यंत्रावर. चित्रपट यादवीचा, देश कल्पित, दोन्ही बाजू कल्पित. दिग्दर्शकाचा हुकूम एकच : कोणाचीही बाजू घ्यायची नाही. त्यामुळे रंग ठरेना. जो तुकडा काढावा, त्याचा रंग कुठल्या ना कुठल्या पक्षाने आधीच लाटलेला. शेवटी एका सैन्याला मी, मातकट, आणि दुसऱ्याला माझी राखाडी बहीण, असा निवाडा झाला.

ताईंना दोन भाऊ. दोघे दोन पक्षांत. गेल्या निवडणुकीपासून अबोला. घर एकच, म्हणून निरोप ताईंमार्फत जात. "त्याला सांग, पंखा बंद कर." तो समोरच बसलेला असे. ताईंनी दोघांना सैनिकांच्या गर्दीत कामाला लावलं, अर्थात विरुद्ध सैन्यांत.

लढाईच्या दिवशी इतकी धूळ उडवली, की आम्ही दोघी एकाच रंगाच्या झालो. थोरल्याने आपला समजून एक जखमी खांद्यावर घेतला आणि पळत सुटला. तो धाकटा निघाला.

"खाली ठेव. मी तुमच्यातला नाही."

"गप पड. कॅमेरा चालू आहे. किती जड झालायस गाढवा."

"ताईला विचार. ती वाढते."

दिग्दर्शकाला प्रसंग आवडला. वर तोफांचा आवाज घातल्यामुळे हे बोलणं आम्हा पट्ट्यांनाच ठाऊक. घरी पुन्हा अबोला. चित्रपट लागला की दोघांना शेजारी बसवून हा प्रसंग दाखवायचा, एवढीच ताईंची आशा.

झलक बाहेर पडली आणि परीक्षण समितीकडे दोन हरकती आल्या. एक पक्ष म्हणतो, खांद्यावरचा आमचा, आम्हाला दुबळं दाखवलंय. दुसराही तेच म्हणतो. उचलणारा आपला, असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

समितीने बाजू नोंदवायला सांगितली, नाहीतर प्रसंग कापायला. दिग्दर्शक दोन्हीला तयार नाही. मग पुरावा म्हणून आम्हाला मागवलं. धुळीमुळे रंग कळेना, तेव्हा आम्हाला धुवावं असा प्रस्ताव निघाला. तसं करू नये, असा अर्ज ताईंनी दिला.

त्या अधूनमधून चौकशीला येतात. कारकून सांगतो, "साहेब तटस्थ आहेत, बाई. सही करत नाहीत."

मागच्या खेपेला दोघे भाऊही आले आणि फाटकाच्या दोन अंगांना उभे राहिले. खिडकीतून ऐकू आलं.

"ताई, त्याला सांग, उन्हात उभा राहू नकोस."

"त्याला सांग, सरकून घे मग."

धुण्याचं काम कोणत्या विभागाचं, अशी विचारणा समितीने वर केली आहे. उत्तर आलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.