पैलवानाचा श्वास

मी एक जुना व्हेंटिलेटर आहे, मित्रांनो. ज्या तान्ह्या बाळांना स्वतः श्वास घेता येत नाही, त्यांच्या छातीत मी हवा भरतो. मला या इस्पितळात आणलं तेव्हा मोठ्या लोकांनी फीत कापली, मला खेटून फोटो काढले. त्यातलं कोणीही पुन्हा फिरकलं नाही. असो. कितीतरी बाळं माझ्या जोरावर घरी गेली, आणि मी फुशारलो.

मग पैलवान आली. पहिल्याच दिवशी तिने माझी नळी ओढून काढली, म्हणून नर्सताईंनी ठेवलेलं हे नाव. पण तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. हातपाय थंडावले.

"काहीही करा, पण मशीन काढू नका," बाप म्हणाला.

"ती बरी होईल का?" आईने विचारलं.

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून समोर बसल्या. "नाही. मशीन आता फक्त तिचं मरण लांबवतंय. आणि तिला त्रास होतोय."

आत्या कडाडली, "म्हणजे पोरीचा जीव आम्ही घ्यायचा?"

"जीव आजार घेतोय, ताई. उपचार थांबवावेत, हे आम्हा सगळ्या डॉक्टरांचं मत आहे. दोष द्यायचा तर मला द्या. घाई नाही, विचार करा."

मला बाईंचा भयंकर राग आला. पण नळी घशात असली की बाळाचं रडणं ऐकू येत नाही, नुसतं तोंड वाकडं होतं. ते मी रोज बघत होतो. खोटी आशा कोणीही देतं. समोर बसून 'नाही' म्हणायला छाती लागते.

दुसऱ्या दिवशी बाप आईला म्हणाला, "तू तिला एकदाही मांडीवर घेतलं नाहीस गं." आणि ढसाढसा रडला. निर्णय झाला.

नर्सताईंनी आधी माझा धोक्याचा भोंगा बंद केला. दुखू नये म्हणून औषध दिलं. पैलवानाला आईच्या मांडीवर ठेवून मग अलगद नळी काढली.

"मान धर नीट," आत्या म्हणाली. "डोकं बघ केवढं, बापावर गेलंय!"

"आणि नाक तुझ्यावर, अक्का," बाप म्हणाला.

रडता रडता सगळे हसले. नळीखाली झाकलेली हनुवटी त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पैलवान आईच्या कुशीतच गेली.

मित्रांनो, मला साफ ठेवा, वेळेवर दुरुस्त करा. अजून पुष्कळ बाळांना मी घरी पाठवीन. पण मी चालू आहे म्हणजे बाळ बरं होतंय, असं धरून चालू नका. आणि पुढे त्या आईला कोणी विचारलं, "मशीन का काढू दिलंस गं?" तर त्याला आधी माझ्याकडे पाठवा.