अंग कोरं करायचं खूळ

रंगाऱ्याशी लग्न करू नये, असं मी माझ्या नातीला, नव्याला, तोंडावर सांगते. ती हसते. तिचा होणारा नवरा बन्नूरचा, बँकेत कामाला, त्याला पोपटी आणि हिरवा यांतला फरकसुद्धा कळत नाही. बरं आहे. रंगारी माणसाला सगळं जग कापडासारखं दिसतं, आणि त्याच्या नादानं बायकोचे प्राण कंठाशी येतात.

आमचे हे, गुरुराव. आमची घराणी मैसुरात कधी आली ते आता कुणाला आठवत नाही. घरात मराठी आणि दाराबाहेर कानडी. यांच्या पणजोबांनी कापडं रंगवली, यांनीही मंडी मोहल्ल्यातल्या दुकानात जन्मभर साड्या रंगवल्या. मग प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तो पाठीच्या हाडात शिरला आणि मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून गोळी द्यायची वेळ आणि गोळी लागू पडायची वाट बघायची वेळ, एवढंच घड्याळ उरलंय मला. दमले हो मी. देवापुढं दिवा लावायला बसते ती तिथून उठवत नाही.

सुरुवातीला अर्धी गोळी घेतली की हे बसून इडली खायचे. मग एक लागायला लागली, मग दोन. आमचा मुलगा शिवप्रसाद घाबरला. "अम्मा, अप्पांना चटक लागली," म्हणाला, आणि तेही यांना ऐकू जाईल असं. यांचे धाकटे भाऊ दारूपायी गेले. त्या दिवसापासून गोळीला हात पुढं करताना हे खाली बघायला लागले. इतका राग आला मला मुलाचा! जन्मात कुणापुढं हात न पसरलेला माणूस, त्याला स्वतःच्या घरात भिकाऱ्यासारखं वाटावं?

शेवटी मी डॉक्टर वाणीला बोलावलं. रुग्णाचं दुखणं कमी करायचं हेच तिचं काम. मराठीच पोर, जुन्या मैसूर फौजेतल्या शिपायांच्या घराण्यातली, आमच्यासारखीच अर्धं कानडी बोलणारी. ती यांच्या पायाशी बसली आणि मुलाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अज्जा, ही चटक नव्हे. मेंदूत आणि मणक्यात बारीक बारीक जागा असतात. शरीर स्वतःचं दुखणं शमवायला जे तयार करतं, त्याच्यासाठी त्या ठेवलेल्या. ही गोळी जाऊन तिथंच बसते. बसली की दुखण्याचा निरोप वर पोचत नाही, पोचला तरी त्याची धार जाते. पण रोज रोज बसायला लागली की तिथल्या पेशी सरावतात. काही जागा आत ओढून घेतात, उरलेल्या ओ देईनाशा होतात, आणि आतून उलटा जोर लागायला लागतो. मग तेवढ्याच गोळीनं भागत नाही. यात तुमचा काही दोष नाही."

"सासूनं दिवसभर हाका मारल्या की सून बहिरी होते, तसं," मी म्हटलं.

"अगदी तस्संच, अज्जी."

शिवप्रसादची मान खाली गेली. गेलीच पाहिजे होती. हे मात्र भलत्याच विचारात. म्हणाले, "म्हणजे कापड रंग पिऊन तुडुंब झालंय."

"हो, तसं म्हणा," वाणी हसून म्हणाली. रंगाऱ्याला असं हो म्हटलं की काय होतं, हे त्या बिचारीला काय ठाऊक?

आता आमच्या घरची एक रीत सांगते. लग्नातली पिवळी साडी, अष्टपुत्री, आम्ही रंगलेली विकत आणत नाही. पांढरी आणायची, आणि घरातल्या वडील पुरुषानं उभं राहून आपल्या हातानं ती हळदीत रंगवायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नव्याचं लग्न ठरल्यापासून यांनी तोच ध्यास घेतला होता. मी म्हटलं, उकळत्या हंड्यापुढं तासभर उभं राहायचं, तुम्हाला संडासाला न्यायला दोघं लागतात, शिवप्रसाद रंगवेल की.

"त्याला साधं फडकं भिजवता येत नाही," हे म्हणाले. "मीच रंगवणार. एक दिवस मिळू दे अनुसूये. एकच, बिनदुखण्याचा. मग काय व्हायचं ते होवो."

तो एक दिवस मलाही हवा होता. खोटं कशाला बोलू? देवाकडं दुसरं काही मागतच नव्हते मी.

त्यानंतर यांनी जो उद्योग केला तो मला मागाहून कळला. रंगाच्या कामात काय असतं, कापडात जुना रंग आणि खळ साचली की नवा रंग चढत नाही. मग ते खारात उकळायचं, वाळवायचं आणि काही दिवस सुम्ने, म्हणजे उगी, पडू द्यायचं. याला कोरं करणं म्हणतात. कोरं झालेलं कापड थोड्याशा रंगातही कसं उजळून निघतं! यांनी ठरवलं, अंगही तसंच कोरं करायचं. कुणाला चकार शब्द सांगितला नाही. मी हातावर गोळी ठेवायची, हे ती तोंडात टाकून वर पाणी प्यायचे, आणि मी वळले की जिभेखालची गोळी काढून झब्ब्याच्या खिशात. हट्टी म्हणजे किती हट्टी! जित्याची खोड, दुसरं काय?

यांचं नाक वाहायला लागलं. जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोट बिघडलेलं. मी म्हटलं थंडी बाधली, मिऱ्यांचा काढा करून दिला. दुखण्यानं उशी चावायचे. मी पाठीवरून हात फिरवायला गेले तर "बेडा, बेडा," नको नको म्हणून ओरडायचे. दुखणंच वाढलं, असं वाटून मी वाणीला फोन केला.

"गोळ्या वेळेवर घेताहेत ना?" तिनं विचारलं.

"माझ्या हातानं देते," मी ठसक्यात सांगितलं.

मग ती तरी काय करणार? तिनं डोस वाढवला. त्या वाढवलेल्या गोळ्याही खिशात गेल्या.

साडी रंगवायच्या दिवशी सकाळी यांनी अंघोळ केली, धोतर नेसलं, तोच झब्बा चढवला आणि मी दिलेला सगळा डोस गिळला. या वेळी खरोखर गिळला. थोड्या वेळानं बघते तर हे भिंतीला धरून आपले आपण परसात येताहेत! मी हातातली हळद तशीच ठेवून बघत राहिले. हंड्याशी उभे राहिले, ढवळायच्या काठीवरचा थेंब चाखून म्हणाले, "तुरटी कमी आहे. एवढ्या वर्षांत तुला अंदाज आला नाही?"

"आला असता तर तुमच्याशी लग्न केलं असतं का?" मी म्हटलं.

हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. साडी हळूहळू पाण्यात सोडली, वर काढली, फिरवली, पुन्हा सोडली. पाठ ताठ. कपाळावर आठी नाही. नव्या रडायला लागली तर तिला म्हणाले, "रडायचं असेल तर लांब उभी राहा, रंगाला डाग पडतील." मला तर वाटलं, पावला देव. पिळून साडी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आयतु. झालं. जरा डोळा लागतोय."

खाटेवर पडल्या पडल्या घोरायला लागले. आमची सून भाग्या कानडी घरची, सासऱ्यांना मावा म्हणते, ती दारातून बघून कुजबुजली, "अत्ते, मावा किती शांत झोपलेत!" आम्ही पाय न वाजवता वावरलो. शिवप्रसादनं टीव्ही बंद केला. मीही बाजूच्या चटईवर आडवी झाले. ऊन पायावर येत होतं आणि मला कुणी हाक मारत नव्हतं. काय सुख होतं ते!

डोळे मिटले, पण कान मिटत नाहीत. एवढी वर्षं या माणसाचं घोरणं ऐकलंय. एक घरघर आली. मग काहीच नाही. मी वाट बघितली. मग एक आली, ओली, घशातल्या घशात. पुन्हा काहीच नाही. मी उठून बघितलं तर ओठ जांभळट. पापणी उघडली तर बाहुली मोहरीपेक्षा बारीक. हाका मारल्या, गदागदा हलवलं. अय्यो देवरे, लाकडासारखे पडलेले!

भाग्यानं वाणीला फोन लावला. "हलवत राहा, श्वास घ्या म्हणून ओरडत राहा," ती म्हणाली, "कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये न्या, मी निघाले." गाडीत मी यांचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होते. "घ्या श्वास! अहो, घ्या ना!" मी ओरडले की एक घ्यायचे, मी थांबले की थांबायचे.

तिथल्या डॉक्टरनं शिरेत इंजेक्शन दिलं आणि बघता बघता हे जागे झाले. जागे कसले, किंचाळत उठले. असं ओरडणं मी माझ्या बाळंतपणातही ऐकलं नाही. दोघांनी धरलं तरी आवरेनात. झब्बा काढताना नर्सला खिशात त्या साठवलेल्या गोळ्या सापडल्या, आणि वाणी आली तेव्हा तिनं त्या तळहातावर घेऊन बघितल्या. "अंग कोरं करत होतो," हे कण्हत म्हणाले, आणि तिला सगळं कळलं. ती तिथंच स्टुलावर बसली.

"अज्जा, तुमचा हिशेब बरोबर होता हो," ती म्हणाली. "गोळी थांबवली की त्या जागा हळूहळू परत येतात. शरीर कोरं होतं. पण श्वास चालू ठेवणाऱ्या पेशींवरही अशाच जागा असतात, त्याही कोऱ्या झाल्या होत्या. सरावलेल्या अंगासाठी मी डोस वाढवला, तो तुम्ही कोऱ्या अंगानं घेतलात. या इंजेक्शननं सगळ्या जागांवरून गोळीला एकदम हुसकावून लावलं. म्हणून एवढं दुखतंय." मग माझ्याकडं वळली. "इंजेक्शन लवकर उतरेल, पण गोळी अजून अंगात आहे. पुन्हा झोप लागेल. तुम्ही श्वासावर नजर ठेवायची, मीही इथंच थांबते. आणि उद्यापासून थोड्या गोळीनं परत पहिल्यापासून सुरुवात."

पहिल्यापासून. पुन्हा ती अर्धी गोळी, पुन्हा ते उशी चावणं, आणि लग्न तर तोंडावर आलेलं.

वाणी दाराशी मुलाशी बोलत होती. यांनी माझा हात धरला.

"दुखत नव्हतं गं," हे म्हणाले. "काही म्हणजे काहीच दुखत नव्हतं. कशाला उठवलंस?"

माझं डोकंच फिरलं. महिनोन् महिने देवापुढं बसून मी जे मागत होते, ते यांना मिळालं होतं, आणि मी ते दोन्ही हातांनी ओढून परत घेतलं होतं. आणि हे मलाच विचारतात!

"मला विचारून गेला होतात का?" मी म्हटलं. "मी चटईवर पडले होते. मला वाटलं तुम्हाला बरं वाटतंय. आणखी थोडा वेळ मी तशीच पडून राहिले असते तर? मग जन्मभर ते कुणी सोसायचं? तुमचं दुखणं गेलं असतं हो. माझं कुठं गेलं असतं?"

पाठीतून कळ आली तसे यांनी दात आवळले, ती सरेपर्यंत माझा हात दाबून धरला.

"आता परत झोप लागेल म्हणते ती," मग हे म्हणाले. "तशीच लागली तर?"

"तर परत उठवीन."

"परत दुखेल."

"दुखू दे. शंभरदा उठवीन."

हे माझ्याकडं बघत राहिले. माझे केस सुटलेले, पदराला हळद, पायात चप्पल नाही. आजारी पडल्यापासून यांनी मला असं नीट बघितलंच नव्हतं.

"तू फार दमलीस गं," हे म्हणाले.

इतक्या महिन्यांत हे मला कुणीच म्हटलं नव्हतं. मला रडू फुटलं, नर्ससमोर, मुलासमोर, सगळ्यांसमोर.

"हो, दमले," मी म्हटलं. "तरी उठवीन."