तपसाचं उत्तर

घड्याळजींनी शर्टाच्या खिशातला छोटा स्पीकर अर्धा बाहेर काढला, चोरासारखं आजूबाजूला पाहिलं आणि बटण दाबलं. ऊ... ऊ... ऊ... असा पोटातून आल्यासारखा जाड आवाज तळ्याकाठच्या पाणकणसाच्या बेटात शिरला. स्पीकर पुन्हा खिशात गेला, कॅमेरा डोळ्याला लागला.

जराशानं बेटाच्या आतून उत्तर आलं. ऊ... ऊ... ऊ...

"आलास," घड्याळजी पुटपुटले. "आता एक पाऊल बाहेर ये, बाबा. एकच."

पाऊल आलं, पण मागून, आणि तेही रोज सकाळी बागेत धावणाऱ्या बाईंचं. बाई थांबल्या, वाकून पाणकणसात पाहू लागल्या.

"काका, काय आहे आत?"

"होतं," घड्याळजी म्हणाले.

बाई गेल्या. आतून पुन्हा काही आवाज आला नाही.

उन्हाळा असा होता, की तळ्यातली बदकं झाडाची सावली सरकेल तशी तिच्या मागोमाग पोहत. कोतवाल पक्ष्यांनी तर किड्यांमागे उडणंच सोडून दिलं होतं. ते चोच उघडून फांदीवर बसत आणि हवेत भाजलेले किडे आपोआप आत पडत, असं बागेत येणारे लोक सांगत, आणि ज्यांनी तो उन्हाळा काढला ते त्यात फार कमी करत नसत. अशा उन्हात घड्याळजी रोज सकाळी येऊन पाणकणसासमोर बसत. घड्याळांचं दुकान त्यांनी मुलाच्या ताब्यात दिलं होतं. स्वतःच्या ताब्यात हा कॅमेरा घेतला होता, आणि त्यानंच सगळा घोळ केला होता.

गेल्या उन्हाळ्यात याच जागी पिवळा तपस बाहेर आला होता. तपस म्हणजे बगळ्याच्या कुळातला, पण कबुतराएवढा आणि महालाजाळू. कुणाची चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून काडीसारखा उभा राहतो. वारा आला तर पाणकणसाबरोबर डुलतोसुद्धा. या तळ्यावर तो कधी कुणी पाहिला नव्हता. आणि त्या दिवशी तो चक्क उघड्यावर आला, मान वळवून पिसं साफ करत बसला. घड्याळजींनी बोट दुखेपर्यंत फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोपऱ्यात काहीतरी लुकलुकत होतं, पण समोर तपस असताना कोपऱ्यात कोण बघतो? घरी गेल्यावर कळलं. कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं. ते लेकीच्या कॉम्प्युटरला लावलेलं तसंच राहिलं होतं.

रविवारी पक्षी बघणाऱ्यांचा गट बागेतल्या टपरीवर चहाला जमला. घड्याळजींनी सगळं सांगितलं. गटात विमेवालेही होते. विमेवाले म्हणजे त्यांचे व्याही, लेकीचे सासरे. जन्मभर विम्याच्या दाव्यांची तपासणी केलेले. जळालेली गोदामं, चोरीला गेलेल्या गाड्या, सगळीकडे जाऊन एकच शब्द विचारायचा, हे त्यांचं काम. तोच त्यांनी चहाचा पेला खाली ठेवून विचारला.

"पुरावा?"

घड्याळजींनी कार्डाची हकिकत सांगितली.

"म्हणजे बिनकार्डाचा तपस," विमेवाले म्हणाले, आणि सगळा गट हसला.

नाव चिकटलं. पुढच्या आठवड्यात फाटकावरचा पहारेकरी 'या, बिनकार्डकाका' म्हणाला, तेव्हा घड्याळजींनी व्याह्यांशी बोलणं टाकलं. आता निरोप लेकीमार्फत चालत.

"बाबा, मामंजी विचारतायत, शिडी परत कधी पाठवताय?"

"सांग त्यांना, शिडी घेतल्याचा पुरावा द्या म्हणावं."

यंदा बागेच्या अधीक्षकांनी ठरवलं, की पाणकणसाचं बेट काढून तिथे होड्यांसाठी धक्का बांधायचा. गट भेटायला गेला. साहेब माणूस भला होता, पण घाईत होता. "पक्षी आहे म्हणता ना? दाखवा," ते म्हणाले. "दाखवता येत नसेल तर निदान ऐकवा. रविवारी सकाळी मी स्वतः येतो. नाहीतर सोमवारी यंत्र लागेल." विमेवाले तेव्हा मागे उभे राहून चष्मा पुसत होते. निघताना कुणालातरी म्हणाले, "नसलेल्या पक्ष्याला नोटीस कशी बजावणार?" ते घड्याळजींनी ऐकलं.

म्हणून स्पीकर, आणि त्यात गटानं ओळखीसाठी जपून ठेवलेलं तपसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग. आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, हा गटाचा कडक नियम. पक्षी बिथरतो, घरटं सोडतो. नियम मोडताना घड्याळजींना पहिल्या दिवशी घाम फुटला, पण पहिल्याच दिवशी आतून उत्तरही आलं. मग ते रोज येऊ लागलं. उत्तर रोज, आणि पक्षी एकदाही नाही.

"दिसला का?" बायको रोज विचारायची.

"ऐकू आला."

"अहो, मग त्यालाच सांगा ना, असा पडद्याआडून किती दिवस बोलणार म्हणून."

"थट्टा करू नकोस. काय शिस्त आहे त्याची. तीन हुंकार, मग दम, पुन्हा तीन. अंतरात केसाचा फरक नाही. एवढं नेमकं चालणारं यंत्र माझ्या हाताखालून कधी गेलं नाही."

बायकोनं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

शनिवार उजाडला तोच वैरी होऊन. घड्याळजींनी आवाज दिला, उत्तर आलं, आणि हंसाच्या आकाराची पायडलची नाव नेमकी बेटाला येऊन थडकली. नावेत एक अख्खं कुटुंब एकमेकांना पायडल मारायला शिकवत होतं. ते गेलं. पुन्हा आवाज, पुन्हा उत्तर. तेवढ्यात हिरवळीवरच्या हास्यमंडळानं हात वर करून असा काही गडगडाट केला, की पलीकडच्या काठावरची बदकंही उडाली. तिसऱ्यांदा कुणाचातरी कुत्रा आला. तो बेटात शिरला, चिखलानं माखून बाहेर आला आणि घड्याळजींच्या अंगावर झडझडून मोकळा झाला.

घड्याळजी उठले. चष्मा पुसला, बूट काढले, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली. वर्षभर जे कुणालाच दाखवता आलं नव्हतं, ते आता आत जाऊन आणायचं होतं. कॅमेरा डोक्याच्या वर धरून ते पाणकणसात घुसले.

चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. पात्यांनी हात कापले. मधेच थांबून त्यांनी बटण दाबलं. उत्तर आलं, जवळून. आणखी चार ढांगा. उत्तर आणखी जवळून. घड्याळजींनी कॅमेरा छातीशी घेतला आणि शेवटची पाती हळूच बाजूला केली.

समोर फुलाफुलांची चादर होती. पाणकणसाला दोरीनं बांधून तिचा आडोसा केला होता. ती घड्याळजींनीच लेकीच्या लग्नात दिली होती. चादरीला एक भोक होतं आणि भोकातून एक भलीमोठी लेन्स घड्याळजींच्या पोटावर रोखलेली होती. लेन्सच्या मागे घडीच्या खुर्चीत, टोपीत पाणकणसाचे तुरे खोवून, विमेवाले बसले होते.

"हलू नका," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आत्ताच बोललाय. अगदी इथेच आहे."

घड्याळजींनी खिशात हात घालून बटण दाबलं. त्यांच्या छातीतून आवाज निघाला. ऊ... ऊ... ऊ...

विमेवाल्यांचा हात सवयीनं मांडीवरच्या स्पीकरच्या काळ्या डबीकडे गेला आणि वाटेतच थांबला.

एक चतुर येऊन लेन्सवर बसला आणि कंटाळून गेला.

"कधीपासून?" घड्याळजींनी विचारलं.

"उन्हाळा लागल्यापासून."

"रेकॉर्डिंग गटाचंच?"

"दुसरं कुठलं असणार?"

"चारचौघांत तर म्हणता, पक्षीच नाही."

"पुरावा नव्हता."

"मग इथे कशाला बसलात उन्हात?"

विमेवाल्यांनी स्वच्छ असलेली लेन्स पुन्हा पुसली.

"तुम्ही त्या दिवशी सांगितलंत, मानेवरचं एक पीस त्याच्या चोचीला चिकटलं होतं. ते काढायला त्यानं चोच काडीवर घासली. दोनदा. खोटा दावा करणारा माणूस मोठं काहीतरी सांगतो हो. असलं बिनकामाचं सांगत नाही. मी जन्मभर ऐकलंय."

"हे तेव्हाच म्हणायचं."

"म्हणणारच होतो. त्याआधी ते दुसरं तोंडातून निघून गेलं. लोक हसले. मग राहून गेलं."

घड्याळजींनी वर्षभर बरंच काही बोलायचं साठवून ठेवलं होतं. विमेवाल्यांनी पायानं कॅमेऱ्याची पेटी त्यांच्याकडे सरकवली. घड्याळजी तिच्यावर बसले.

"म्हणजे आत कुणी नाहीच?"

"असेलही. आपण दोघांनी त्याला बोलायला जागा ठेवली कुठे?"

दोघांनी आपापले स्पीकर बंद केले आणि ऐकत राहिले. वारा आला, पाणकणीस डुललं. त्यातली प्रत्येक काडी तपसासारखी दिसत होती आणि एकही तपस नव्हती. नाव गेली. हास्यमंडळ हसून हसून घरी गेलं. ऊन चादरीवरून खाली उतरलं, तरी बेट गप्पच राहिलं.

"उद्या साहेब येणार," विमेवाले म्हणाले.

"हो."

"कुठल्या बाजूला?"

"माझ्या."

विमेवाले उठले. चादरीच्या गाठी सोडायला त्यांनी हात घातला, एक सोडलीही. मग तीच पुन्हा बांधली, आधीपेक्षा घट्ट. घड्याळजी त्यांच्या बोटांकडे बघत होते.

"मी सकाळी लवकर येऊन बसेन," विमेवाले चादरीकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

घड्याळजींनी पायाचा चिखल पात्यांनी खरवडला. तो निघण्यासारखा नव्हता, तरी बराच वेळ खरवडत राहिले.

"उत्तर जरा दमानं द्या," शेवटी ते म्हणाले. "फार घाई करता तुम्ही."

"काय करणार," विमेवाले म्हणाले. "मला वाटायचं, उशीर केला तर उठून जाईल."