गोठ्यातली वीट, घरातलं मीठ

माझे वडील, बोरी बुद्रुकचे भिमाजीआबा, जनावरांतले मोठे जाणकार. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात ते नुसते फिरले तरी व्यापारी टेम्पोच्या सावलीतून उठून येतात. गाय दोन पावलं चालली की तिचं कितवं वेत ते सांगतील, पाठीवरून हात फिरवला की कुठं बिघडलंय ते सांगतील. माणसांतलं त्यांना काही कळत नाही, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलेलं नाही.

माझी वहिनी नूतन लोणी गावची. लग्न होऊन आली तेव्हा काटकुळी होती आणि तोंडाची फटकळ. पोरगी झाली, आरती, आणि त्यानंतर वहिनी हळूहळू सुजत गेली. आबांनी गावभर सांगितलं, आमच्याकडचं अन्न सुनेच्या अंगाला लागलं. ते अन्न म्हणजे सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलेली अर्धी भाकर, पण श्रेय घराला. पुढं तिचे केस गळायला लागले, ऐकायलाही कमी येऊ लागलं. भर चैत्रात ती स्वेटर घालून बसायची आणि चुलीपुढं डुलक्या घ्यायची. मग माझ्या आईनं, सरूबाईनं, निकाल दिला की सून आळशी निघाली. आवाज घोगरा होऊन तिचं बोलणं जवळजवळ बंद झालं, त्याचं मात्र घरात कौतुक झालं. सुनेला वळण लागलं म्हणे.

माझा भाऊ अमृत शिकलेला आहे. त्यानं मोबाईलवर वजन उतरवायचे व्हिडिओ बघितले आणि बायकोला रोज गरम पाण्यात लिंबू पिळून प्यायला सांगितलं. लिंबू तिनंच पिळायचं होतं. दवाखान्यात न्यायचं मी फोनवर चारदा सांगून पाहिलं, तर गाडी कामात आहे म्हणाला.

गाडी खरोखरच कामात होती. गोठ्यातली जर्सी माजावर येत नव्हती. त्याच गाडीतून जनावरांचे डॉक्टर आणले, हार्मोनचं इंजेक्शन झालं, गव्हाणीवर मिठाची चाटण वीट टांगली. पुढचा आठवडाभर आबा पारावर हार्मोनवर व्याख्यानं देत होते. जनावराचा दोष नसतो राव, हार्मोनचा असतो, असं त्यांचं म्हणणं. घरात मात्र बेल्ह्याच्या बाजारातलं जाडं मीठ. पुडीतल्या मिठाला चव नसते, असंही त्यांचंच म्हणणं.

मी मंचरहून माहेरपणाला आले तर वेगळाच बेत शिजलेला. वहिनीच्या वडिलांना, चिमाजीमामांना, बोलावणं गेलं होतं. लेक घेऊन जा आणि तिकडंच ठेवा, काम होत नाही आणि दुसरं मूलही होत नाही, असं त्यांना सांगायचं होतं. आरती मात्र इथंच राहणार होती, कारण ती आमच्या घराण्याची. आत वहिनी पिशवी भरत होती. एक साडी घडी करायची आणि भिंतीला टेकायची. पदर जरा सरकला तेव्हा तिचा गळा फुगलेला मला दिसला.

"ताई, मी आळशी न्हाई वो," ती त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "उठायचं म्हनते, पन उठवतच न्हाई. आरतीला तेवढं बघा."

मला रडूही आलं आणि रागही आला. राग जास्त आला, तोच कामाचा असतो.

बाहेर चिमाजीमामा खाटेच्या कडेला चोरासारखे बसले होते. आबांनी घसा खाकरून सुरुवात केली, तेवढ्यात मी मध्येच म्हणाले की आधी माझं एक काम करा, आमच्या मंचरच्या गाईचं काय करायचं ते सांगा. गाईचं नाव काढलं की आबा सासू, सून, व्याही सगळं विसरतात. त्यांनी मांडी बदलली आणि काय होतंय ते विचारलं.

मी सांगितलं. एक वेत झालंय. आधी चपळ होती, आता सारखी बसून असते. खाणं कमी, तरी अंग सुजतंय. केस झडतात, कातडं खरखरीत झालंय, उन्हातही थरथरते. पुन्हा गाभण राहत नाही. पूर्वी हंबरायची, आता आवाज निघत नाही. आणि गळ्याला गाठ आल्यासारखं दिसतं.

"मालक काय म्हनतो?" आबांनी विचारलं.

"आळशी हाय म्हनतो. इकायला काढलीय."

आबा कुत्सित हसले. "त्याला म्हनावं, आदी सोताला इकायला काढ. जनावर कदी आळशी असतं का? गळ्यातलं हार्मोन बिघडलंय तिचं. चाटन वीट देतो का?"

"न्हाई. जाडं मीठ देतो."

"कंजूष मेला. आजच्या आज डाक्टर दाखवा."

मी आत गेले आणि वहिनीला हाताला धरून बाहेर आणलं. सासऱ्यासमोर यायचं म्हणून तिनं डोक्यावरचा पदर हनुवटीखाली घट्ट ओढून घेतला होता. असाच तो कायम असायचा. सहा तालुक्यांतल्या गाई पारखणाऱ्या आबांनी स्वतःच्या सुनेचा गळा कधी पाहिलाच नव्हता. मी तो पदर बाजूला केला.

"ही ती गाय," मी म्हणाले.

आबा बघत राहिले. जाणकार माणूस, त्यांना हात लावायचीही गरज पडली नाही. चिमाजीमामांनी तोंडात उपरणं धरलं. आईनं काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर आबांनी हात वर करून तिला थांबवलं. मग अमृतकडं न बघता ते म्हणाले, "गाडी काढ."

नारायणगावच्या प्रतिभा डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि थायरॉईड सांगितला. गळ्यातली ही एवढीशी ग्रंथी, पण अंगातली ऊब, ताकद, केस, पाळी सगळीकडं तिचा हात असतो, म्हणाल्या. ती काम करेनाशी झाली की मेंदूखालची दुसरी एक ग्रंथी तिला उठवायला हार्मोन पाठवते. ही उठली नाही की ती आणखी पाठवते, आणखी ओरडते. रिपोर्टमध्ये तोच आकडा वाढलेला होता. खालचीत त्राणच नसेल तर वरचीनं कितीही ओरडून उपयोग नसतो, असं त्यांनी समजावलं. मी सोबत आलेल्या आईकडं पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना हे होतं, आणि सगळा दोष मिठावर टाकता येणार नाही, हेही डॉक्टर म्हणाल्या. पण आयोडीन नसलेलं मीठ कशाला खाता, असं त्यांनी विचारलंच. घरी आल्यावर अमृतनं गोठ्यात जाऊन विटेवरचं छापील वाचलं. त्यात आयोडीन होतं. म्हणजे घरात ज्यांची नीट काळजी घेतली जात होती, त्यांना ते मिळत होतं.

वहिनी लोणीला गेली नाही. रोज पहाटे उपाशीपोटी गोळी घेते. सूज उतरायला महिने लागले, पण उतरली. स्वेटर पेटीत गेला. आता ती झपाट्यानं कामं उरकते, आणि उरकताना बोलते. भाकरी कोण मोजून ठेवतं, लिंबू कोणी पिळायचं, सगळ्यावर तिचं मत असतं. आबा पारावर सुनेच्या थायरॉईडवर व्याख्यानं देतात. रोग त्यांनीच ओळखला, असं गावाला माहीत आहे.

आईला मात्र चैन नाही. परवा मी गेले तेव्हा मला बाजूला घेऊन तिनं हळूच विचारलं, "हर्षाली, सून पयली कशी शांत व्हती. डाक्टरीनबाईला इचार की, गोळी अर्दी केली तर चालंल का?"

आवाज हळू होता, पण वहिनीचे कानही आता सुधारलेत. चुलीपुढून ती म्हणाली, "अर्दी भाकर चालवून घेतली, आत्या. गोळी अख्खीच लागंल."