दोनशे चौदा रेकॉर्ड आणि अर्धा कान

माझा उजवा कान पूर्ण गेलाय आणि डावा अर्धा. एकतीस वर्षं पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर काम केलं, पगार घरी आणला आणि कान तिथेच ठेवून आले. त्याबद्दल कुणी हळहळायचं कारण नाही. पण आईला ऐकू येत नाही म्हणून तिच्या रेकॉर्ड विकून टाकायच्या, असं लेकानं परस्पर ठरवलं, तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रेकॉर्ड दोनशे चौदा, सगळ्या कॅनडाच्या रॉक बँडच्या. कॅनडाच का, हे ज्यानं त्यानं विचारून झालंय. पगाराच्या दिवशी मी ज्या दुकानात जायचे, तिथे इंग्लंड-अमेरिकेचे बँड डोळ्यांसमोर मांडलेले आणि कॅनडाचे खाली, झाडूशेजारच्या खोक्यात. दुकानदार म्हणाला, "त्यांना कोण विचारतंय?" म्हटलं, मी विचारते! तेव्हापासून वाकून वाकून जमवल्यात. प्रत्येक कव्हरवर स्वतः प्लास्टिक चढवलंय.

लेकाला रेकॉर्डच्या खोलीत धावायचं यंत्र ठेवायचंय. आठ दिवस धावेल, नवव्या दिवशी त्यावर टॉवेल वाळत घालेल, मी त्याला चांगली ओळखून आहे. रविवारी तो जुन्या रेकॉर्डच्या व्यापाऱ्यालाच घेऊन आला, रिकाम्या खोक्यांसकट. माझ्या डाव्या कानाशी येऊन ओरडला, "आई, तुला ऐकूच येत नाही, मग ठेवून करायचंय काय?"

"मला कळतं," मी म्हटलं. "स्पीकरवर हात ठेवला की रेकॉर्ड कुठली ते सांगते."

"कुठलीही?"

"कुठलीही! तीन लाव. एकदा जरी चुकले तरी सगळ्या घेऊन जा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर काढली आणि काहीतरी पुटपुटले. ते अर्थातच मला ऐकू आलं नाही.

मी भिंतीकडे तोंड करून बसले, तळवा स्पीकरच्या लाकडावर. पहिली रेकॉर्ड दहा आकडे मोजायच्या आत सांगितली. तिच्यातला ड्रमवाला जरा घायकुता आहे, लगेच समजतो. दुसरी तर त्याहून लवकर. वळून पाहिलं तर व्यापाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिसरीला मात्र हाताखाली नुसती घरघर आली. ओळखीची होती, बँडही कळला, पण त्या बँडच्या माझ्याकडे दोन आहेत. एकीच्या कव्हरवर लाल पूल आणि दुसरीच्या बर्फात अडकलेला ट्रक.

"लाल पूल," मी म्हटलं.

लेकानं कव्हर माझ्यापुढे धरलं. ट्रक होता. सगळ्या दोनशे चौदांत मी सगळ्यात जास्त वाजवलेली रेकॉर्ड, एके काळी हिची दोन्ही बाजूंची गाणी मशीनवर उभी राहून मनात म्हणायचे. आणि तीच मला कळली नाही. खोटं कशाला सांगू, रडू फुटायचं बाकी होतं.

व्यापारी तेवढ्यात खालच्या खणातल्या रेकॉर्ड उचलायला लागलासुद्धा.

"ठेवा त्या खाली," मी म्हटलं.

"अहो काकू, पण तुम्हीच शब्द दिला होता."

"दिला होता. मोडला. जा, गावभर सांगा!"

"आई, असं कसं चालेल?" लेकाचं बोलणं मला ओठांवरून कळलं. "तू चुकलीस."

"चुकले ना. उद्या आणखी चुकेन, परवा तिन्ही चुकतील. आवडीच्या वस्तूसाठी मी काय परीक्षा देत बसू? अरे, तुझं बोलणंसुद्धा मला आता अर्धंच कळतं. मग तुलाही देऊ ह्या व्यापाऱ्याबरोबर खोक्यात भरून?"

व्यापाऱ्यानं हातातल्या रेकॉर्ड गुपचूप जागेवर ठेवल्या आणि खोकी काखेत मारून निघाला. लेक तिथेच उभा राहिला.

मी सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली आणि ह्या खेपेला दोन्ही तळवे लाकडावर टेकले. ही आणि लाल पूल यांच्यात फरक कुठे आहे, ते शिकायचंच होतं मला. पण शिकता शिकता बाजू संपली, हेही मला समजलं नाही. लेकानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा समजलं. मग तोच पुढे झाला आणि त्यानं रेकॉर्ड उलटायला घेतली.

"कडेला धर," मी म्हटलं. "बोटं लागतील."