एफ्राईनने बोट काढली तो दिवस

पोर्ट मेस्कीटमध्ये बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की आम्ही त्याला एफ्राईन लोंगोरियाकडे पाठवायचो. आमच्याकडे मोठी हॉटेलं नाहीत. झगमगाट हवा असलेली माणसं समोरच्या लांबलचक बेटाच्या दुसऱ्या टोकाला जातात. आमच्याकडे एक धक्का, दोन खानावळी, गळाला लावायची जिवंत कोळंबी विकणारं माझं दुकान आणि एफ्राईनची बोट. तिची तिकिटंही माझ्याच खिडकीत मिळतात. एफ्राईन पाहुण्यांना खाडीत नेऊन डॉल्फिन दाखवायचा, उथळ पाण्यात चोच फिरवत चालणारे गुलाबी पक्षी दाखवायचा. बेटावर शंख वेचायला तासभर सोडायचा. परतताना पाणगवताच्या पट्ट्यावर इंजीन बंद करून सगळ्यांना गप्प बसवायचा. जरा वेळाने एखादं हिरवं कासव श्वास घ्यायला डोकं वर काढायचं. "देवाचं सगळ्यात आळशी लेकरू," तो म्हणायचा, "माझ्यानंतरचं!"

तरुणपणी तो जहाजाच्या गोदीत वाळूच्या फवाऱ्याने गंज काढायचा. ती वाळू त्याच्या छातीत जाऊन बसली होती. साठी उलटल्यावर तिने डोकं वर काढलं. चार पावलं चाललं की धाप लागायची. मग नाकाला नळी आली, उशाशी ऑक्सिजनचं मशीन आलं. बोट त्याची बायको ओफेलिया चालवू लागली.

त्या फेब्रुवारीत उत्तरेकडून जो बर्फाळ वारा सुटला तसा आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. रात्रीतून लिंबाची झाडं काळी पडली, नळ फुटले, सकाळी सगळ्या गावाची वीज गेली. ओफेलियाने एक क्षण वाया घालवला नाही. नवऱ्याला गोधड्यांत गुंडाळून, मी आणि ती दोघांनी धरून, बोटीवर आणलं. बोटीवर छोटा जनरेटर होता आणि टाकीत डिझेल. मशीन तिथे चालणार होतं. पेट्रोलपंप बंद पडलेले, शहराकडचे रस्ते बर्फाने गुळगुळीत झालेले. वीज येईपर्यंत धक्क्याला बांधलेल्या बोटीतच राहायचं, असं तिने ठरवलं.

तो दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी सकाळी कासवांच्या दवाखान्यात काम करणारी मारिसेला धक्क्यावर आली. गारठ्याने तिचे ओठ फाटले होते.

"खाडीभर कासवं तरंगतायत," ती म्हणाली. "थंडीने लुळी पडलीत. मान उचलता येत नाही, बुडून मरतायत. मिळेल ती बोट हवीय मला."

ओफेलियाने मान हलवली. "माझी नाही मिळायची, बाई. ह्या टाकीतल्या डिझेलवर माझा नवरा श्वास घेतोय."

केबिनचं दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "ओफे, इंजीन सुरू कर."

"तू गप पड रे म्हाताऱ्या."

"पडूनच आहे. दोन वर्षं पडूनच आहे. सुरू कर."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? इंजीन सुरू केलं तर उद्यापर्यंतही तेल पुरायचं नाही. मग काय कासवं येऊन फुंकर घालणार आहेत तुझ्या नाकात?"

एफ्राईन हसायला गेला आणि खोकत राहिला. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "वीस वर्षं त्यांना दाखवून मी तुम्हाला जेवू घातलंय. त्यांना कधी काही दिलं नाही. घरी दोन सिलिंडर आहेत, चिलोला आणायला सांग. आणि मला त्या सुकाणूपाशी बसव."

चिलो म्हणजे मी. मी ओफेलियाकडे पाहिलं. ती बराच वेळ नवऱ्याकडे बघत उभी राहिली. लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या बाईला जे काही चेहऱ्यावर वाचता येत असेल ते तिने वाचलं असावं. मग माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "जा, आण ते सिलिंडर. लवकर."

आम्ही निघालो. एफ्राईन खुर्चीत, तीन गोधड्या, डोक्यावर ओफेलियाची लाल शाल, हात सुकाणूवर. मी आणि मारिसेला पुढे वाकून बसलो. सुरुवातीला मला ती लाकडं वाटली. मग जवळ गेल्यावर पाठी दिसल्या, त्यांवर शेवाळ, अर्धवट मिटलेले डोळे. कासव ओढून घेताना ते जराही धडपडत नव्हतं. दोन्ही हातांनी पाठ धरायची, कठड्यावर टेकवायची आणि आत घ्यायची. काही थाळीएवढी लहान होती. काहींना उचलायला ओफेलियाही लागायची. मेलेलं कुठलं आणि जिवंत कुठलं हे मारिसेलालाही सांगता येईना. "सगळी घ्या," ती म्हणाली.

बाकांवर, बाकांखाली, पाहुणे बसतात तिथे सगळीकडे कासवं. पाय ठेवायला जागा उरली नाही. एफ्राईनचे दात वाजत होते. तो सारखा म्हणत होता, "वारा दक्षिणेला ढकलतोय त्यांना. जरा डावीकडे. अजून जरा."

डिझेलचा काटा खाली आला तेव्हा ओफेलिया त्याच्या कानाशी ओरडली, "बस झालं! फिरव!"

"तो तिकडचा पट्टा तेवढा..."

"एफ्राईन, फिरव म्हणते ना!"

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि बोट फिरवली.

कासवं गावच्या सभागृहात नेली. तिथेही वीज नव्हती, पण वारा नव्हता. माणसांनी घरचे गालिचे, चादरी आणून जमिनीवर पसरल्या. नाचगाण्याच्या त्या हॉलमध्ये त्या दिवशी मोठ्याने कुणी बोलत नव्हतं. अधूनमधून एखादं कासव सुस्कारा सोडायचं, तेवढाच आवाज.

दुसऱ्या दिवशी दुपारी जनरेटर बंद पडला. एफ्राईनला सिलिंडर लावला. बातमी कळताच कोळी आपापल्या बोटींच्या टाक्यांच्या तळातलं उरलंसुरलं डिझेल डब्यांतून घेऊन आले. कुणी घागरभर, कुणी तांब्याभर म्हणावं इतकंच. तेही जळून गेलं, दुसरा सिलिंडर लावला, आणि तो संपत आला तेव्हा वीज आली.

तो वाचला, पण छातीत गारठा भरला तो भरलाच. पाणी ऊबदार झाल्यावर त्याच बोटीतून कासवं बेटापलीकडे मोठ्या समुद्रात सोडायला नेली. तेव्हा एफ्राईन शहराच्या इस्पितळात होता. फळीवरून एकेक कासव पाण्यात घसरायचं, दोन हात मारायचं आणि दिसेनासं व्हायचं. ओफेलियाने सुकाणू सोडलं नाही. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मुलगा रोगेलिओ ह्यूस्टनहून इस्पितळात आला. व्हरांड्यात माझ्यासमोरच तो आईवर तुटून पडला. "कासवांसाठी? कासवांसाठी तू बाबांना त्या वाऱ्यात नेलंस? आणि तू हे होऊ दिलंस?"

"मी नेलं नाही," ओफेलिया म्हणाली. "तो गेला. मी सोबत गेले."

"तू नाही म्हणू शकली असतीस!"

"म्हणाले. मग त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत तो कशाला हो म्हणाला नव्हता, रोगे. त्या दिवशी म्हणाला."

मार्चअखेर एफ्राईन गेला. दफनाच्या दिवशी रोगेलिओने शवपेटीला खांदा दिला, सगळ्यांचे हात हातात घेतले. आईचा घेतला नाही. जेवायला न थांबता गाडीत बसून निघून गेला. ओफेलियाने त्याच्यासाठी बाजूला काढलेले तामाले, मक्याच्या पानांत वाफवलेले उंडे, संध्याकाळी माझ्या बायकोला दिले. "खा तुम्ही. शिळे होतील."

मे महिन्यात तिने फेऱ्या पुन्हा सुरू केल्या. कासवांची गोष्ट पसरली होती, माणसं वाट वाकडी करून येऊ लागली. पण त्या दिवसाबद्दल ती पाहुण्यांना काही सांगत नसे. डॉल्फिन, पक्षी, शंख, एवढंच.

ऑक्टोबरात एका सकाळी माझ्या खिडकीपाशी रोगेलिओ उभा राहिला. सोबत त्याच्या दोन्ही मुली.

"तीन तिकिटं द्या, चिलोकाका."

"अरे, वेडा का खुळा? बोट तुझ्या आईची आहे."

"तीन द्या," तो म्हणाला.

मी दिली. तो इतर पाहुण्यांबरोबर रांगेत उभा राहिला. ओफेलियाने बोटीच्या तोंडाशी तिकिटं घेतली, मुलींचे गाल कुरवाळले, मुलाला म्हणाली, "डोक्यावर टोपी घाल, ऊन फार आहे." मीही दुकान बायकोवर सोपवून चढलो. मला राहवेना.

परतीच्या वाटेवर पाणगवताच्या पट्ट्यावर तिने इंजीन बंद केलं. मुली कठड्याला लोंबकळत पाण्यात बघत होत्या. रोगेलिओ उठून सुकाणूपाशी गेला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"बाबांना फार थंडी वाजत होती का गं?"

ओफेलियाने खोटं सांगितलं नाही. "फार. दात वाजत होते. फिरव म्हटलं तरी ऐकेना."

रोगेलिओने मान खाली घातली. त्याचे खांदे हलू लागले. ओफेलियाने पाहुण्यांकडे पाठ केली आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बोट वाऱ्याबरोबर हळूहळू सरकत होती. मागच्या बाकावरच्या एका बाईने मला हलकेच विचारलं की काही बिघाड झालाय का.

"नाही बाई," मी म्हटलं. "इथे थोडा वेळ थांबावं लागतं."