खताचा दगड

विजयकुमारच्या गोठ्यात दोनशे म्हशी होत्या आणि त्या सगळ्यांचं मूत, शेणाच्या धुवणासकट, सरळ तांड्याच्या तलावात येत होतं. हा विजयकुमार शेजारच्या साखरा गावचा. जमीन मोठी, आवाज त्याहून मोठा. तांड्यातलं कुणी तक्रार घेऊन गेलं की म्हणायचा, "मंग काय म्हशीला संडास बांधून देऊ का?" लोक हसायचे आणि हसत हसत परत यायचे. गरिबाला हसवून वाटेला लावायची विद्या या लोकांना कुणी शिकवावी लागत नाही.

तो तलाव तांड्यातल्या रूपाबाईच्या बचत गटानं मासळीसाठी ठेक्यानं घेतलेला. पहिल्या साली सोडलेले सगळे मासे मेले. पुन्हा मेले तर तलाव हातचा जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तांड्यात घरं पुरुषांच्या नावावर, शेतं पुरुषांच्या नावावर. बायकांच्या नावावर म्हणायला हे एवढं पाणीच होतं.

रूपाबाईची लेक पुजा हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिनं बाटलीत पाणी भरून नेलं, तपासलं आणि येऊन आईला सांगितलं, "याडी, या पाण्यात अमोनियम लई वाढलंय. त्याचंच पुढं इख होऊन राहिलं, अन् माशाचे कल्ले जळून राहिले."

उपायही तिनंच काढला. या भागात विहीर खोदताना काळ्या पत्थरातून पांढरे, चमकणारे दगड निघतात. पोरं खेळायला नेतात, बाकी कुणी ढुंकून बघत नाही. त्यातल्या एका जातीला झिओलाइट म्हणतात. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात आणि पाण्यातलं अमोनियम तो आपल्या पोटात धरून ठेवतो.

मग बायकांनी उन्हाळाभर शिवारातल्या विहिरींचे ढिगारे उपसले. पुजानं दगड निवडून दिले, बायकांनी ते घणानं फोडून ज्वारीच्या दाण्याएवढे केले. मंजुळाबाई ही रूपाबाईची जोडीदारीण. तिच्या तळहाताची सालटी निघाली, पण तिनं घण सोडला नाही. गोठ्याकडून येणारा नाला तलावाला मिळतो तिथं हौद बांधून त्यात ती खडी भरली. नारळ फोडायला विजयकुमार आला. घाण त्याची, घाम बायकांचा आणि पेपरात फोटोही त्याचाच.

पण पाणी सुधारलं, हे खरं. मृगानंतर सोडलेले मासे पोळ्यापर्यंत वीतभर झाले. रूपाबाई रोज बांधावर जाऊन मूठभर भुसा टाकायची आणि पाणी खळबळलं की एकटीच हसायची.

नारळ फुटला त्या दिवशी पुजा सगळ्यांसमोर बोलली होती, "दगडाचं पोट भरलं की मी सांगीन. तवा तो काढायचा, लगेच नवा भरायचा. जुना शेतात टाका, त्यात युरियातलंच सत्त्व असते." बायकांच्या ध्यानात पहिलं राहिलं, पुरुषांच्या ध्यानात शेवटचं.

भादव्यात हळदीला युरिया पाहिजे होता आणि युरिया कुठं मिळेना. मिळाला तर दुकानदार एका पोत्यामागं नको असलेल्या औषधाच्या दोन बाटल्या गळ्यात मारायचा. त्यात पावसानं ओढ दिली. नाल्याला आता नुसतं गोठ्याचंच पाणी.

एका सकाळी रूपाबाई बांधावर गेली तर मासे पोटं वर करून तरंगत होते. ती हौदाकडं धावली. हौद तळापर्यंत खरवडलेला होता. तिनं विजयकुमारच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याच शिव्या तोंडात घेऊन ती शेतातून घराकडं निघाली आणि आपल्याच हळदीत थबकली. सरीसरीतून पांढरी खडी मातीत कालवलेली होती. नवरा थावरा खाली मान घालून खुरपत होता.

"हे काहून केलं?"

"तुझ्याच पोरीनं सांगितलं का न्हाई, खत हाय म्हणून? हळद पिवळी पडून राहिली व्हती. चार टोपले आणले फकस्त."

"चार टोपल्यानं हौद खाली व्हते व्हय?"

थावरानं खुरपं पुढच्या सरीत घातलं. म्हणाला, "तू गप राह्य. बोंब विजयकुमारच्या नावानं मार. भरपाई देईल त्यो."

आपलेच दात, आपलेच ओठ. रूपाबाईला रडूही येईना, इतका संताप आला होता.

दुपारी बांधावर तांडा जमला. निरोप मिळताच पुजाही हिंगोलीहून आली. विजयकुमार गाडीतून उतरला, हौदात डोकावला आणि म्हणाला, "माझं पाणी तर तुमच्या हौदातून गाळून जाते. मंग दगड कुठं गेला?"

पुजानं आईकडं बघितलं. "याडी, कोणी नेला?"

लेकीच्या तोंडावर खोटं बोलणं रूपाबाईला जमलं नाही. "आमच्या हळदीत हाय," ती म्हणाली. आता बाया आपल्या झिंज्या धरणार म्हणून ती उभी राहिली. कुणीच जागचं हललं नाही. मंजुळाबाई जमिनीकडं बघत म्हणाली, "आमच्या बी." मग मागून कुणीतरी, "आमच्या बी." कुणाला सकाळी कळलं होतं, कुणी स्वतः टोपल्याला हात लावला होता. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

रूपाबाई विजयकुमारवर उसळली. "पण मूत तर तुमच्याच म्हशीचं हाय ना, मालक?"

"ते पहिल्यापासून येऊन राहिलं, मावशी. साफ करायचं तर तुमी अंगावर घेतलं व्हतं." त्यानं नाकाला रुमाल लावला. "अन् हे मासे आजच काढा. वास सुटला तर माझ्या म्हशी चारा खायच्या न्हाईत."

बायका पाण्यात उतरल्या. पुजाही उतरली. दिवस कलला तेव्हा थावरा टोपलं घेऊन आला. "मासळीचं खत लई भारी असते म्हणतेत," म्हणाला. रूपाबाईला वाटलं, हेच टोपलं याच्या डोक्यात हाणावं. पण मासे कुठंतरी टाकायचेच होते. तिनं टोपलं भरलं आणि त्याच्या डोक्यावर चढवून दिलं. पुजानं तोंड फिरवलं.

त्या साली तांड्याची हळद शिवारात उजवी निघाली. गट मोडला. पुढच्या साली तलाव विजयकुमारच्या भाच्यानं घेतला, आणि त्याचे मासे पाण्यात पडायच्या आधीच गोठ्याचं पाणी दुसऱ्या नाल्याला वळवून झालं होतं.